दोन विती, चार बोटं

वासूदादा,

तुझ्या तोंडात शेवटचं पाणी बाटलीतलं घातलं. हे तुला कुणीतरी सांगायला हवं, आणि कटू गोष्टी तुला सांगायचं काम घरात नेहमी माझ्याकडेच असायचं. तुझा लेक सुरेश सवयीने तांब्या घेऊन विहिरीकडे धावला होता. वहिनीने त्याला दारातच अडवलं. "थंयचां नको रे. खारां आसा." मग कपाटावरची प्लास्टिकची बाटली आली. तिचं झाकण काही केल्या निघेना, सुरेशने ते शेवटी दातांनी काढलं. मी उशाशी बसले होते. तुळशीच्या पानावरून दोन थेंब तुझ्या ओठांत गेले आणि उरलेले हनुवटीवरून ओघळले. आयुष्यभर तू पहाटे उठून त्या विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलंस, आणि जाताना तुला कुठल्या गावचं पाणी मिळालं ते लेबलावर वाचावं लागलं असतं.

तुझा बारावा होऊन आठवडा झाला. भेटायला येणारे विचारतात, "तुमचे कोण?" मी म्हणते, "चुलतभाऊ." तेवढ्यावर लोक चहा पिऊन उठतात. चुलतभावाचं दुःख किती दिवस करायचं याचं माप लोकांनी ठरवून ठेवलेलं असतं. इथे डिचोलीत तर तू काय करायचास हेही कुणाला नीट ठाऊक नाही. ही खाणींची माणसं, यांना माती म्हणजे ट्रकमधून जाणारी लाल धूळ. मानस म्हणजे काय हे यांना समजावता समजावता मी दमते. नदीच्या भरतीचं खारं पाणी खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतात, येऊ नये म्हणून चिखलाचा बांध असतो, बांधात चिऱ्यांची एक मोरी असते, मोरीला लाकडी दार असतं. भरती आली की पाण्याच्या रेट्याने दार मिटतं, ओहोटी लागली की शेतातलं पाणी बाहेर ढकलून उघडतं. ते दार म्हणजे मानस. मग इथली माणसं विचारतात, "आपोआप मिटतं ना? मग माणूस कशाला लागतो?" दादा, हा प्रश्न मीही तुला एकदा विचारला होता.

तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि तू वीस. काका गेले आणि मानस तुझ्या गळ्यात पडली. उत्तर म्हणून तू मला मोरीत वाकून बघायला लावलंस. दाराच्या फटीत माडाच्या झावळीचं एवढंसं कांड अडकलं होतं आणि तेवढ्या फटीतून नदी शेतात शिरत होती. तू कांड ओढून काढलंस आणि दार धाडकन मिटलं. "कळ्ळां? म्हणान." म्हणून माणूस लागतो, एवढाच तुझा धडा. पुढे शिकवण्याचं प्रशिक्षण घेताना मला दोन वर्षांत कुणी इतकं थोडक्यात शिकवलं नाही.

वहीची सुरुवातही त्याच वर्षी झाली. तू चौथीतून शाळा सोडलेली, अक्षर तुझं कुर्ल्यांसारखं, खेकड्यांसारखं वाकडं चालायचं, म्हणून लिहायचं काम माझं. चतुर्थीआधीची अमावास्या म्हणजे आपल्याकडे सगळ्यात मोठी भरती. त्या दुपारी तू बांधाच्या माथ्यावर पालथा पडायचास, हात खाली सोडायचास आणि माथ्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर वितीने मोजायचास. मी मानशीच्या बाजूच्या पायऱ्यांवर वही मांडीवर घेऊन बसलेली. तीन पायऱ्या होत्या. बांधावरून त्या तिन्ही मी एका उडीत ओलांडायचे आणि खाली मोरीच्या उंबऱ्याच्या दगडावर आपटायचे, आणि तू ओरडायचास.

"बाय, बरय! दोन विती, चार बोटां!"

मी लिहायचे. तू बोलायचास आपल्या बोलीत आणि मी वहीत उतरवायचे शुद्ध मराठीत, "दोन विती, चार बोटे." वहीवर मोठ्या वळणदार अक्षरात मी नाव घातलं होतं: खाडीच्या पाण्याची वही. बाईंनी ते अक्षर पाहून माझी पाठ थोपटली होती. आपलं अक्षर बघण्यासारखं आहे आणि आपण लिहिलेलं कुणाच्या तरी उपयोगाचं आहे, हे मला त्या पायऱ्यांवर कळलं. मला शिकायला पाठवायचं की नाही यावर घरात वाद झाला तेव्हा तू वडीलधाऱ्यांसमोर ती वही आपटून म्हणाला होतास, "हिचां अक्षर बगा आनी मागीर बोला." मी मास्तरीण झाले ती तुझ्यामुळे. हे मी तुला कधी म्हटलं नाही. तुला माहीत असेल असं धरून चालले.

लग्न होऊन डिचोलीला आले तरी वही चालू राहिली. चतुर्थीला माहेरी आले की हातपाय धुवायच्या आत तू वही पुढे करायचास आणि आकडा सांगायचास. अमावास्या तीन-चार दिवसांपूर्वी झालेली असायची, पण आकडा तुझ्या तोंडात तयार असायचा. दोन विती तीन बोटं. दोन विती चार बोटं. एखाद्या वर्षी दोन विती पाच. उलट तुझ्याकडून मला काय यायचं? सुंगटं, माझ्या पुस्तकी मराठीत कोळंबी. मानशीच्या जाळ्यातली ताजी सुंगटं, केळीच्या पानात बांधून तू पेडण्याहून बसच्या कंडक्टरच्या हाती द्यायचास, आणि डिचोलीच्या स्टँडवर मी पदर सावरत बस शोधत फिरायचे. तो वास घेऊन वर्गात गेले की पहिल्या बाकावरच्या मुली नाक धरायच्या.

भाषेच्या भांडणाची ती वर्षं आठवतात ना? मी मराठीच्या मोर्चात, घोषणा देऊन घसा बसलेली. तू कोंकणीवाला. सभेला वगैरे जाणारा नव्हेस, पण घरात मला डिवचायला तुझ्याएवढा कार्यकर्ता नव्हता. "घरात उलयता एक आनी वहयेत बरयता दुसरां. आमची मास्तरीण पाव्हण्यांक वेगळां ताट वाडता." मी चिडले. त्या चतुर्थीला मी ठरवलं की तुझ्याशी बोलणार तर फक्त पुस्तकी मराठीत, आणि तू ठरवलंस की त्याला उत्तरच द्यायचं नाही. दीड दिवस आपण दोघं एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोललो. शेवटी वहिनीने आपल्या दोघांच्या ताटात भात वाढलाच नाही. "खुणेन मागा," म्हणाली. दोघांनाही हसू फुटलं आणि भांडण तिथेच राहिलं. ते आपण पुढे तीस वर्षं पुरवून पुरवून भांडलो.

गोव्याचं राज्य झालं त्या दिवशी मी माहेरी होते. गावात फटाके वाजत होते. मी धावत बांधावर आले तर तू गुडघाभर चिखलात, एक हात कुर्लीच्या बिळात. बांधाला कुर्ल्या भोकं पाडतात आणि एका भोकाने बांध जातो, हे तूच मला शिकवलं होतंस. मी म्हटलं, "दादा, राज्य झालं आपलं!" तू मान वर करून म्हणालास, "जालां? बरां जालां. दार मात माकाच बगूचां पडतलां." मला तेव्हा राग आला. एवढा मोठा दिवस आणि या माणसाला चिखलाचं पडलंय असं वाटलं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. इतका वेळ इकडचं तिकडचं सांगत होते ते तिच्यापासून लांब राहण्यासाठी, हे तू केव्हाच ओळखलं असशील.

गावाचे सगळे अर्ज मीच लिहायचे. रस्त्याचा, दिव्याचा, बसचा. निवृत्त झाल्यावर तर महिन्याला एक. आणि तू मला आयुष्यात एकच अर्ज लिहायला सांगितलास. "बरय, म्हणचे खाडयेचां पाणी वयर येता. चिखलाचो बांध आता पावना. एक चिरो उंच करून दगडाचो बांदून दिया, आनी मानशीचां दारूय उंच करा." चिखलाचा बांध आता पुरत नाही म्हणून दगडी बांध आणि उंच दार, एवढंच मागणं. मी विचारलं, "वर येतं कशावरून?" तू म्हणालास, "चिखल दरवर्सां चड लागता." मी हसले. तू सत्तरीला टेकलेला होतास, जोडीला येणारे गडी मांद्र्याच्या गेस्ट हाउसांत कामाला गेलेले, सुरेशसुद्धा तिथेच खोल्या सांभाळत होता. मी म्हटलं, "दादा, वय झालं तुझं. चिखलाच्या पाट्या जड लागतात आता." तू म्हणालास, "पाट्यो जड नाय गो बाय. चड लागतत."

जड नाहीत, जास्त लागतात. इतक्या साध्या शब्दांत सांगितलंस आणि मी अर्थ घेतला तो फक्त म्हातारपणाचा.

तू ऐकेनास. रविवारी देवळाच्या मंडपात सगळी कुळं जमली होती, तिथे तू पुन्हा विषय काढलास. कुणीतरी म्हणालं, पुरावा लागेल. तुझा चेहरा उजळला. पुरावा तुझ्याकडे होता! तू घरी जाऊन वही घेऊन आलास, सदऱ्याने पुसलीस आणि माझ्या हातात दिलीस. "वाच बाय. सगळां बरयलेलां आसा." तुला खात्री होती की इतकी वर्षं आपण पाणी मोजलं, म्हणजे पाणी किती वाढलं ते वहीत असणारच. आणि मी वाचलं. अगदी वर्गात हजेरी घेतल्यासारखं, पहिल्या पानापासून. दोन विती चार बोटं. दोन विती तीन बोटं. दोन विती चार बोटं. दहा-बारा वर्षांचं वाचून झाल्यावर मंडपात खसखस पिकली. मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. मला बरोबर असण्याची चटक आहे, ती शाळेत लागली की घरूनच होती कोण जाणे. शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि म्हटलं, "इतक्या वर्षांत एक बोट इकडेतिकडे. पाणी होतं तिथेच आहे. मी खोटा अर्ज लिहिणार नाही."

तू वही घेतलीस आणि बगलेत मारून निघालास. जाताना पायरीवर चप्पल शोधत होतास, ती पायातच होती.

त्यानंतर तू तो विषय माझ्याकडे काढला नाहीस. सुंगटं येत राहिली.

मग तुझे डोळे. पिकलेला मोतीबिंदू घेऊन तू बांधावर फिरायचास आणि मी फोनवर किरकिर करायचे. शेवटी माझ्या लेकीने, शुभदाने, पणजीत सगळी व्यवस्था केली. तू अमावास्येचं कारण पुढे केलंस. त्याआधीचे आठ दिवस बांधावर चिखल घालायचा असतो, चतुर्थी झाल्यावर बघू, म्हणालास. मी म्हटलं, "चतुर्थीआधी करून घे, गणपती नीट दिसेल. एक अमावास्या चुकली तर गाव बुडत नाही." हे माझं वाक्य. दादा, हे मी तुला म्हटलं होतं.

शुभदाचं घर पणजीच्या सखल भागात, तळमजल्यावर. तुझ्या एका डोळ्यावर पट्टी. पावसाने आठवडाभर उघडीप दिली होती, कडक ऊन, आणि अमावास्येच्या दुपारी दोनच्या सुमाराला गल्लीत पाणी आलं. आकाशात ढग नाही आणि गटाराच्या झाकणांच्या भोकांतून पाणी बुडबुड करत वर. शेजारच्यांनी सवयीने स्कूटर ओट्यावर चढवल्या. तू जनेलातून बघितलंस आणि भिंत धरून ओट्यावरून गल्लीत उतरलास. वाकून बोट बुडवलंस आणि जिभेला लावलंस.

"मामा, गटाराचं पाणी ते!" शुभदा किंचाळली.

"गटाराचां नाय. खाडयेचां. खारां आसा."

इमारतीचा रखवालदार बेळगावकडचा, खुर्चीवर पाय वर घेऊन बसला होता. तू त्याला विचारलंस, "हांगाची मानस खंय आसा? दार कोण बगता?" त्याला काही कळेना. मी सांगितलं, पाणी अडवायचं दार कुठे आहे विचारतायत. तो म्हणाला, "दार कुठलं ओ आजोबा? तसलं काय नाही हितं. पाणी येतंय, दोन तासानं जातंय. गाडी तेवढी वर घ्यायची." तू त्या गल्लीकडे बघितलंस, दोन्ही बाजूंना पाच-पाच मजले, खाली मुलांच्या सायकली, औषधाचं दुकान, एक बाई साडी उचलून पिशवी डोक्यावर घेऊन चाललेली. "इतली माणसां," तू म्हणालास, "आनी दाराक कोण नाय." मग मला म्हणालास, "ह्या खाजनूच गो. वयर घरां बांदली म्हणान काय जालां?" शुभदा आणि मी एकमेकींकडे बघून हसलो. म्हातारा जाईल तिथे खाडीच शोधतो, असं आमचं हसणं. आता शुभदा दर महिन्याला पंचांग काढून अमावास्या-पौर्णिमा बघते आणि फ्रीजखाली विटा सारते. परवा तिने मला फोनवर विचारलं, "आई, मामांनी विचारलेलं ते दार, तसं खरंच शहराला असू शकतं का गं?" मी म्हटलं, मला माहीत नाही. ज्याला विचारायचं तो गेला.

त्याच दुपारी, तू त्या गल्लीत बोट चाखत होतास तेव्हाच, तिकडे गावी आपल्या बांधावरून पाणी गेलं. बांध कुठे फुटला नाही, भोक पडलं नाही. पाणी माथ्यावरून सरळ शेतात उतरलं. त्या वर्षी माथ्यावर तुझा चिखल नव्हता. पोटरीला आलेलं भात आठ दिवसांत करपलं. महिन्याभरात विहीर मचूळ झाली आणि पुढे खारी.

तू परत आलास. मी सोबत होते, आणि बांधावर उभी राहून तू आता मला काय काय बोलशील त्याची तयारी करून आले होते. तू पट्टी काढलेल्या डोळ्याने शेताकडे बघितलंस. मिठाची पांढरी साय धरलेले कोपरे, काळं पडलेलं भात. "डोळो बरो जालो गो," एवढंच म्हणालास. "सगळां बरां दिसता." मला टोमणा मारलास की खरंच सांगत होतास, ते मी तेव्हा विचारलं नाही. तू मला शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं. त्यानंतरची दोन वर्षं तू रोज पहाटे विहिरीचं पाणी चाखत राहिलास, गोडं झालं का बघायला. वहिनी सांगते, थुंकायचास आणि चुलीपाशी येऊन बसायचास.

बाराव्याला पाहुणे जेवून पांगले आणि मी सुरेशला म्हटलं, चल, मानशीवर जाऊन येऊ. कित्येक वर्षांत मी बांधावरून खाली उतरले नव्हते. गुडघ्यांमुळे वरूनच तुला हाक मारून वळायचे. त्या दिवशी सुरेशचा हात धरून उतरले. सवयीने मनात मोजलं. एक, दोन, तीन. आणि पाय उंबऱ्यावर पोचलाच नाही. अजून एक पायरी होती.

मी परत वर गेले. पुन्हा मोजत आले. सुरेशला वाटलं, आत्या खुळावली. चार पायऱ्या, दादा. खालच्या तीन झिजून मधे खोलगट झालेल्या, माझ्या उड्यांच्या ओळखीच्या. सगळ्यात वरचा चिरा नवा, कडा शाबूत. सुरेश म्हणाला, "ती बाबान घातली. माज्या लग्नाच्या वर्सां. आवयक बांदावयल्यान उतरूंक जमेना म्हणान."

वहिनीला बांधावरून उतरता येईना म्हणून! मी तिथेच बसले. खालचा उंबरा तोच, हललेला नाही. त्याच्यावर तीनच्या जागी चार पायऱ्या, म्हणजे बांध एका अख्ख्या चिऱ्याने वर गेलेला. आणि तो कुणी चढवला? तू. काकांनी घालून दिलेला नियम तू पाळत आलास: अमावास्येच्या आधी आठ दिवस चिखल घालायचा आणि मागच्या मोठ्या भरतीने सोडलेल्या पाण्याच्या खुणेवर दोन विती, चार बोटं बांध ठेवायचा. मग अमावास्येला त्याच बांधाच्या माथ्यावर पालथं पडून मोजायचं. दोन विती, चार बोटंच भरणार ना! दुसरं काय भरेल? पाणी वर आलं, तू बांध वर नेलास, आणि वर नेलेल्या बांधावरून पाणी मोजलंस. मी ते सुवाच्य अक्षरात उतरवलं आणि तुझ्याच तोंडावर फेकलं.

त्यातलं समुद्र किती वाढला आणि नदी गाळाने किती भरली, हे मला सांगता येणार नाही. मी भाषा शिकवली, भूगोल नाही. पण पाणी होतं तिथे नव्हतं, एवढं नक्की. तुझे हात ते सांगत होते. जास्त लागतात, जास्त लागतात. आपण दोघंही चुकलो, दादा. पण तू मोजण्यात चुकलास आणि खरं बोललास. मी वाचण्यात कुठेही चुकले नाही.

मला तुझी क्षमा मागायची होती. आता ती मागायला जागा नाही, म्हणून मी दुसरं काहीतरी केलं.

काल रविवार होता. देवळाच्या मंडपात सगळ्यांना बोलावलं. मी आधी उभी राहून सांगितलं की मागच्या वेळी मी याच जागी वही वाचली, पण तिचा अर्थ चुकीचा लावला. पायऱ्यांचं सांगितलं. काही जण तिथल्या तिथे उठून मानशीवर जाऊन मोजून आले आणि म्हणाले, चार. मग मी वही दाखवली. वरचं नाव मी खोडलं होतं, साठीपार बाईने अकरा वर्षांच्या मुलीचं अक्षर खोडलं. "खाडीच्या पाण्याची वही" याच्या जागी लिहिलं होतं, "वासुदेवने चढवलेला बांध."

आणि मी पुन्हा सगळं वाचलं. तेच आकडे, त्याच क्रमाने. दोन विती चार बोटं. दोन विती तीन बोटं. दोन विती चार बोटं. या वेळी कुणी हसलं नाही. मागे वहिनी बसली होती, प्रत्येक आकड्याला ती मान हलवत होती, त्या वर्षीच्या पाट्या तिच्याही डोक्यावर होत्या. शेवटच्या पानापर्यंत आले. ते पान मी आधी बघितलं नव्हतं. ऑपरेशनच्या वर्षी मी तुला आकडा विचारलाच नाही आणि तूही वही पुढे केली नाहीस. मला वाटलं होतं, वही तिथेच थांबली. पण त्या पानावर तुझं स्वतःचं अक्षर होतं, वाकडं, कुर्ल्यांसारखं, दोन ओळींत.

मला ते वाचवेना. मी वही सुरेशकडे दिली. त्याने ती उजेडाकडे धरली आणि अडखळत वाचली.

"हांव पणजेक गेल्लंय. चिखल घालूंक नाय. बायक सांगू नका."

बाय म्हणजे मी, एक अमावास्या चुकली तर गाव बुडत नाही म्हणणारी. मी डोळे पुसले, चष्मा लावला, पिशवीतून अर्जाचा कागद काढला आणि तू सांगितला होतास तसाच, तुझ्या शब्दांत, तुझ्या बोलीत लिहिलेला तुझा अर्ज वाचायला सुरुवात केली.